न वापरलेल्यांची यादी

३ मार्च, सोमवार

झालं! तीन वर्षं जे टळत होतं ते आज समोर येऊन उभं राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा सगळा डेटाबेस पुढच्या महिन्यात नव्या प्रणालीत हलवायचा आहे. "त्याआधी आत नेमकं काय काय आहे ते मला कागदावर हवं. कुठलं बटण काय उघडतं, कोणती क्वेरी कुणी कधी बदलली, सगळं." त्यासाठी एक अ‍ॅड-इन घेतलंय. डेटाबेसला जोडायचं, सुरू करायचं, की ते एकेक वस्तू उघडून बघतं आणि मोठा अहवाल देतं. "काही म्हणजे काही लपत नाही!" बाई एवढ्या कौतुकाने सांगत होत्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच क्वेरी.

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. काचबिंदूच्या पेशंटना दर सहा महिन्यांनी डोळ्याचं प्रेशर तपासावं लागतं. जे येत नाहीत त्यांची यादी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा तयार प्रश्न, काढते आणि दर सोमवारी त्यांना आठवणपत्रं जातात. तीन वर्षांपूर्वी मी नवी होते, अंगात उत्साह फार. त्या क्वेरीत फोन नंबर जोडायला गेले आणि एक अट चुकले. ज्यांचा फोन नाही ते सगळे यादीतून गळाले. चार महिन्यांनी लक्षात आलं. गुपचूप दुरुस्त केलं, कुणाला बोलले नाही.

त्याच चार महिन्यांत पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याची पाळी होती. फोन नव्हता त्याच्याकडे. तो आला तेव्हा उजवा डोळा गेलेला होता. त्याची बायको भर कॉरिडॉरमध्ये ओरडली — "एक साधं पत्र टाकलं असतंत तर!" मी तिथेच होते, हातात त्याचीच फाइल धरून. तोंडातून शब्द फुटला नाही. आजपर्यंत फुटलेला नाही.

४ मार्च, मंगळवार

अ‍ॅड-इन चालेना. म्हणे, डेटाबेस दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवलाय, आधी बंद करा. औषधांच्या खिडकीवर गेले — बंद होता. चष्म्याच्या काउंटरवर — बंद. शिपाईमामांनाही उगाच दोन शब्द ऐकवले. शेवटी कळलं, माझ्याच कॉम्प्युटरवर मागे दुसऱ्या खिडकीत उघडा होता. शिपाईमामा म्हणाले, "सापडला का चोर?"

बरं झालं. एक दिवस पुढे गेला.

६ मार्च, गुरुवार

शिंप्याकडून अभ्रे आणले. चार. मागच्या महिन्यात पडदे, त्याआधी मिक्सरचं कव्हर, त्याआधी पुन्हा अभ्रे. नवरा म्हणतो, "आपण माणसं दोन, डोकी दोन, अभ्रे अठरा. कुणी येणार आहे का राहायला?" त्याला काय सांगू? कपडा न्यायचा, शिवायला टाकायचा, तेवढंच काय ते हातात होतं माझ्या.

शिंप्याची मान आता कायम उजवीकडे वळलेली असते, डावा डोळा सुईवर यावा म्हणून. दोरा बायको ओवून देते. टीप अजून सरळ येते त्याची, अगदी पट्टीने आखल्यासारखी. आणि प्रत्येक वस्तूला खिसा! न सांगता. पिशव्यांना आत एक खिसा असतो, तो समजू शकते. पडद्याला खिसा? आज घडी उलगडली तर अभ्र्याला खिसा! नवरा हसून हसून बेजार. त्यात त्याने आपला चष्मा ठेवला आणि म्हणाला, "सोय आहे हं!"

शिंप्याला विचारायला हवं होतं. पण त्या दुकानात माझं तोंडच उघडत नाही. कापड देते, माप सांगते, निघते.

७ मार्च, शुक्रवार

डेटाबेसची प्रत काढली आणि अ‍ॅड-इन तिच्यावर सोडलं. मूळ फाइलला हात लावायची माझी छाती नाही. पन्नास मिनिटं फॉर्म आपोआप उघडत होते, मिटत होते. मी बसून बघत होते. कुणीतरी परकं माणूस घरात शिरून एकेक कपाट उघडतंय, आणि आपण मुकाट्याने त्याला चहा विचारतोय, असं वाटलं.

अहवाल पाचशे सत्याऐंशी पानांचा! नुसती नावं चाळली. हा डेटाबेस कोष्टकरावांनी चौदा वर्षांत उभा केला. ते माझ्या आधीचे रेकॉर्डकीपर, आता निवृत्त. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा कोष्टकं आखायचे म्हणून हे नाव. त्यांनी ठेवलेली नावं अशी — 'पत्रयादी', 'पत्रयादी_खरी', 'पत्रयादी_खरी_आता_नक्की', 'पत्रयादी_जुनी_हात_लावू_नये'. आणि माझी ती 'पत्रयादी_अंतिम'. निवृत्त होताना त्यांनीच दाखवली होती. "काही बदलायचं झालं तर हिच्यात बदल."

क्वेरींचं प्रकरण पान दोनशे तीसपासून आहे. उघडलं नाही.

८ मार्च, शनिवार

आजही नाही. बाईंना सांगितलं, प्रिंटरची शाई संपली. शाई होती.

१० मार्च, सोमवार

उघडलं!! नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी ठरवलं, आता बास. पान दोनशे तीस. तिथे प्रत्येक क्वेरीपुढे लिहिलंय की ती कुठून कुठून वापरली जाते, कुठला फॉर्म, कुठला रिपोर्ट. 'पत्रयादी_अंतिम'पुढचा रकाना रिकामा. मला वाटलं छपाई चुकली. मग शेवटच्या भागात गेले. तिथे एक वेगळी यादी आहे, कुठेच न वापरलेल्या गोष्टींची, म्हणजे उगाच पडून असलेल्या. एकशे चार नावं. बासष्टावं माझं.

तीन वेळा वाचलं. मग पत्रांच्या रिपोर्टपुढे काय आहे ते पाहिलं. तिथे लिहिलंय — 'पत्रयादी_जुनी_हात_लावू_नये'.

म्हणजे पत्रं माझ्या क्वेरीवरून कधी निघालीच नाहीत? माझी चूक एकाही पत्रापर्यंत पोहोचली नाही? मी अशी बसून राहिले की शिपाईमामांनी न विचारता पाणी आणून ठेवलं.

११ मार्च, मंगळवार

इतक्यात हुरळून जायचं नाही. अ‍ॅड-इनच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय: कोडमध्ये क्वेरीचं नाव तुकडे जोडून तयार केलं असेल, तर ते त्याला दिसत नाही. मग ती वस्तू वापरात असूनही 'न वापरलेली' दिसते. आणि पत्रांच्या बटणामागचं कोड कुलूपबंद! अहवालात स्वच्छ शब्दांत — पासवर्ड आहे, वाचता आलं नाही.

कोष्टकरावांना फोन लावला.

"पासवर्ड? बोका. नुसतं बोका. आमच्या घरचा. का गं, काय मोडलंस?"

विचारलं, बटण कुठली क्वेरी उचलतं? 'पत्रयादी_अंतिम' कशाला जोडली होती?

"ती? कशालाच नाही!" खो खो हसले. "अगं, नवीन माणूस दोन महिन्यांत कुठेतरी हात घालणारच. मीही घातला होता. म्हणून तुला एक वेगळी काढून दिली. खुडबुड करायला. सांगणार होतो, पण निरोपाच्या गडबडीत राहूनच गेलं बघ."

राहूनच गेलं! तीन वर्षं माझी झोप उडाली आणि यांचं सांगायचं राहूनच गेलं! रागावणार होते, पण हसू फुटलं. त्यांना वाटलं मी रडतेय. दोन्ही खरं होतं.

कोड उघडलं. एकच ओळ, जुन्या क्वेरीचं नाव सलग लिहिलेलं. कुठे जोड नाही, तुकडा नाही.

१२ मार्च, बुधवार

तरी शेवटची खात्री. शिंप्याच्या पत्राचा सोमवार मला पाठ आहे. डेटाबेसच्या प्रतीत आजच्या जागी ती तारीख घातली, नंतरच्या भेटी वगळल्या. जुन्या क्वेरीने एकेचाळीस नावं दिली. माझी चुकलेली क्वेरी मुद्दाम पुन्हा तशीच चुकवून चालवली. तिने तेहतीस दिली.

मग कपाटावरून त्या वर्षीची जावक वही काढली. ही वही तीन वर्षं डोक्यावर होती, अक्षरशः. उघडायची हिंमत नव्हती. त्या सोमवारी शिपाईमामांचं वाकडंतिकडं अक्षर — 'पत्रे ४१.'

जुन्या यादीत सतराव्या ओळीवर शिंपी.

पत्र गेलं होतं. गेलं होतं, गेलं होतं, गेलं होतं! रेकॉर्डरूमचं दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते आज कळलं. आता अपमान वाटायला हवा खरं तर. तीन वर्षांत मी त्या क्वेरीत इतक्या सुधारणा केल्या, आणि जगात कुणाला त्याचा पत्ता नाही. पण इतका गोड अपमान माझा आजवर झालेला नाही.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने कपाटातल्या अभ्र्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणून अभ्रे."

१३ मार्च, गुरुवार

अहवाल बाईंच्या टेबलावर ठेवला आणि माझं प्रकरणही सांगून टाकलं. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. "चूक पोहोचली नाही हे आपलं नशीब. पण तुम्ही ती त्याच दिवशी सांगायला हवी होती. खरोखर पोहोचली असती तर?" बोलणं लागलं. पण बरोबर होतं. मान खाली घालून ऐकलं, आणि बाहेर आले तर तरीही हलकं वाटत होतं!

एकच खटकतंय. पत्र गेलं, तर तो आला का नाही? टपालात हरवलं असेल. शनिवारी जाऊन त्याला सगळं सांगणार. निदान एवढं तरी, की दवाखाना विसरला नव्हता.

१५ मार्च, शनिवार

सांगितलं, सगळं. शिंप्याने मशीन थांबवलं. बायको दुकानात नाही हे वळून पाहिलं, मग बटणांचा डबा उपडा केला. तळाशी आमचं पत्र, चार घड्या घातलेलं. "आलं होतं, ताई. कामाची घाई होती, म्हटलं पुढच्या महिन्यात जाऊ. डोळा गेल्यावर हिला सांगायची हिंमत झाली नाही, आलंच नाही म्हणालो. तिने तुम्हाला सगळ्यांसमोर बोल लावला आणि तुम्ही गप्प ऐकून घेतलंत. तेव्हापासून तुमच्या प्रत्येक कपड्याला खिसा लावतोय. वाटायचं, आज तरी तुम्ही विचाराल, का लावतोस म्हणून. विचारलं असतंत तर तेव्हाच सांगून मोकळा झालो असतो."