सतरा नंबरचं सर्टिफिकेट

१२ जाने., सोम.
हजेरी घेताना सोळानंतर आजही अडखळले. पोराचं नाव इथे लिहीत नाही, रजिस्टरातलं नाही आणि दुसरंही नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. सतरा म्हणायचं. नववी ब, सतरा नंबर.

डिसेंबरात निबंधाच्या वहीत चिठ्ठी सापडली होती. बाई, मला मुलीच्या नावाने हाक मारू नका, मी मुलगाच आहे, लहानपणापासून. खाली स्वतः निवडलेलं नाव. आठ दिवस मी काही वाचलंच नाही असं दाखवलं. मग एकदा हळूच त्या नावाने हजेरी घेतली. पोर ‘हजर’ म्हणालं ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. वर्गाला आश्चर्य नाही. वर्ग आधीपासून तेच नाव घेत होता. सगळ्यांत शेवटी कळलं ते वर्गशिक्षिकेला.

१५ जाने., गुरु.
हेडसरांनी सूचना वही फिरवली. विद्यार्थ्यास जनरल रजिस्टरातील नावानेच संबोधावे. अन्य नावाची मागणी केल्यास वर्गशिक्षकाने आठ दिवसांत पालकांना कळवून सही घ्यावी. कुठल्याशा शाळेत पालकांनी गोंधळ घातला म्हणे. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. माझी सही मलाच ओळखू येईना.

पालक म्हणजे रजिस्टरात बापाचा मुंबईचा मोबाइल. अर्ध्या वर्गाचं तसंच. आई वाडीत, बाप मुंबईत, नंबर बापाचा.

१६ जाने.
मधल्या सुट्टीत टाकीपाशी सतराला सूचना सांगितली. चेहरा उतरला.
“पप्पांना नको, बाई. दिवाळीत मी केस कापले तवा काय झालं, तुमाला ठाऊक हाय.”
ठाऊक आहे. सुट्टीनंतर उजवा हात प्लास्टरमध्ये होता. ‘जिन्यावरून पडल्यामुळे’ अशी चिठ्ठी आली आणि मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या वाडीत जिना असलेलं एकही घर नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.
परत असलं काही दिसलं तर शाळा बंद, असं बापाने बजावलंय.

१८ जाने., रवि.
दिवसभर कामात लक्ष नाही. माझं नाव लग्नात बदललं ते आठवत राहिलं. ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही, कुणाची सही लागली नाही. बाबा पेढे वाटत होते.

२० जाने., मंगळ.
शाळा सुटल्यावर वाडीवर गेले. पोलादपूरहून एसटीने फाट्यापर्यंत, पुढे चढण. आई अंगणात वालाच्या शेंगा झोडत होती. कसं सांगायचं ते वाटभर पाठ केलं होतं, तिच्यासमोर सगळं विसरले. काहीबाही बोलले. ती ऐकत राहिली, मग घराकडे तोंड करून म्हणाली, “पानी आन रे बाईंना.”
ते ‘रे’ ऐकलं आणि मी सहीचा कागद पुढे केला.
तिने सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. “माज्या पोटचं हाय, मला नाय कळनार? पन याच्या बापाला सांगू नका. हात एकदा जुळला, दरवेली जुळंल असं नाय.”
रजिस्टरात लिहिलं: पालकांना समक्ष भेटून कळवले. खोटं काही नाही त्यात.

२१ जाने.
हेडसरांनी सही पाहिली. पालक म्हणून नाव वडिलांचं आहे, त्यांची सही हवी, म्हणाले. मी हाताचं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. वाईट माणूस नाही, पण निवृत्तीला एक वर्ष उरलंय आणि तेही माझ्यासारखेच भित्रे. शेवटी म्हणाले, शिमग्याला वडील गावी येतील, तेव्हा समोर बसवून सांगू. तोवर रजिस्टरातलंच नाव.
तिथून वर्गात जाऊन हजेरी आकड्यांनी घेतली, आता रोज तशीच. सगळ्यांचीच. पोरांनी विचारलं, बाई, आम्ही काय कैदी आहोत का?

६ फेब्रु., शुक्र.
महाडला वक्तृत्व स्पर्धा. सतराचा विषय ‘आमच्या वाडीचा रस्ता’. पहिला नंबर! परीक्षकसुद्धा हसत होते, मग हसायचे थांबले. इतकं चांगलं बोललं पोर.
आणि मी काय करून बसले. नोंदणीच्या टेबलावर नाव विचारलं तर पोराने निवडलेलंच नाव तोंडून गेलं. तीन आठवडे तालमीत तेच घेत होते, दार लावून. सर्टिफिकेटवर शाईने, ठळक.
सतराने ते दोन्ही हातांनी कडा धरून पाहिलं. नंतर माझ्याकडे दिलं. घरी नेत नाय, तुमच्या कपाटात ठेवा. फाडू नका फक्त.

१२ फेब्रु., गुरु.
व्हायचं तेच झालं. वर्गातल्या कुणीतरी बक्षिसाचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत सतरा पाठमोरं, पण माइकवरून पुकारलेलं नाव खाली लिहिलेलं. दुपारी मुंबईहून वाडीच्या मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. शिमग्याला फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचाय. आवाज अगदी प्रेमळ.
“बाई, आमची एकोणीस घरं. या नावाचा पोरगा कुनाचा, तेवढं सांगा.”
एकोणीस घरांतली तान्ही पोरंसुद्धा त्यांना नावानिशी माहीत. नाव चुकून पडलंय, म्हणाले मी. आणि रजिस्टरातलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.
अच्छा, त्याची पोरगी होय, म्हणाले. खूश झाले.
फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पोराला वाचवलं की विकलं, मला कळत नाही.

२३ फेब्रु., सोम.
फ्लेक्स लागला. एसटीतून दिसला. सहावीतला फोटो, दोन वेण्या, लाल रिबिनी. खाली मोठ्या अक्षरांत रजिस्टरातलं नाव, पुढे कु. आणि ‘वाडीची कन्या’.
सतराला रोज त्याच्याखाली एसटीची वाट बघत उभं राहावं लागतं. वर्गात आज माझ्याकडे पाहिलं नाही. सतरा म्हणाले तेव्हा नुसता हात वर.

२८ फेब्रु., शनि.
बाप आला. शाळेतच, पहिल्या तासाला, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी कुणी आडदांड माणूस येईल असं धरून चालले होते. बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट, माझ्यासमोर वाकून नमस्कार केला. दारात हेडसर उभे, माझ्याकडे बघत. बोला, असं डोळ्यांनीच. मी बोलले नाही. तेही बोलले नाहीत.
बाप सांगत होता, मंडळात सगळ्यांसमोर त्याचा सत्कार झाला. आयुष्यात पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याच्या हाताकडे लक्ष गेलं.
“सर्टिफिकेट कुठं हाय, बाई? फ्रेम करून लावायचंय. पोरगी दाखवीत नाय.”
कपाट माझ्या पाठीशी, किल्ली पर्समध्ये. म्हणाले, किल्ली घरी राहिली.
“हरकत नाय. सोमवारी येतो, होळी असली तरी. तिला घेऊनच येतो.”
सतरा बाकावर मान खाली घालून बसलं होतं. डावा हात उजव्या मनगटावर घट्ट. पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला.

१ मार्च, रवि.
सकाळी यांना सगळं सांगितलं. रजा टाक, म्हणाले. टाकता येईल. पण मग कपाट हेडसर उघडतील.
दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. सतरा. शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून, अगदी हळू आवाजात.
“बाई, आई पन येनार हाय उद्या. ती बोलली, मी मधे उभी राहीन.”
बरं, म्हणाले.
“पप्पा वर्गात बसनार हायत हजेरीला. तुम्ही नंबरानं घ्याल ना?”
मी विचारलं, तुला कशी हवी?
मागे बाप कुणाशीतरी हसून बोलत होता, ते ऐकू येत होतं.
“तुम्ही पहिल्यांदा घेतली होती तशी,” पोर म्हणालं, आणि फोन कट.

किल्ली टेबलावर काढून ठेवली आहे. सवय व्हावी म्हणून इथे एकदा लिहून बघते.
सोळा, साक्षी. सतरा, समीर.