अस्वलाचा डोळा

रविवार, ८ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज मिळाला. मागून फोनही येऊन गेले. अंघोळीला गेले होते, मीटिंगमध्ये होते, असलं काही सांगत नाही. फोन हातात धरून तुझं नाव बघत बसले होते. फोनवर माझी जीभ आपोआप 'सगळं छान'कडे वळते, आणि या वेळी तू जे विचारलं आहेस त्याला ते उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून हे पत्र. हस, हस. कुरियरने पाठवते, गुरुवारपर्यंत हातात पडेल. साहेबांशी तुझं बोलणं पुढच्या सोमवारी आहे ना? मग वेळ आहे.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण तक्रार करण्याइतकी ताकद शाबूत आहे, म्हणजे काळजी नको. हल्ली गॅसची बटणं तीच बंद करते आणि मला मोठ्याने ओरडून सांगते, "केलं गं बंद, मी बघितलं!" माझ्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की असं सांगत जाऊ नका, मनातली शंका तिची तिला सोसू द्या, त्यानेच ती हळूहळू कमी होईल. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "डॉक्टरांना काय जातंय? घर माझं जळणार." तेव्हा मी किती हसले! घरी येऊन मात्र कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघितलं. आई जिन्यात उभी राहून बघत होती.

स्वयंपाकघरातली खिडकी अजून नीट लागत नाही. तू आलास की बघ.

बरं, तो फोटो. आमच्या कंपनीच्या पानावर तुला सापडला, तू आईला पाठवलास आणि आईने सगळ्या इमारतीला दाखवला. निळा कोट, कडेवर खेळण्यातलं अस्वल आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'मी बोलले. तुम्हीही बोला.' मनःस्वास्थ्याच्या मोहिमेचं पोस्टर म्हणून तोच आमच्या कॅन्टीनच्या दारावर आहे, लिफ्टमध्ये आहे आणि बायकांच्या टॉयलेटमध्ये आरशाशेजारीसुद्धा आहे. हात धुताना मीच माझ्याकडे बघून हसते. फोटो काढणारा सारखा सांगत होता, "ताई, जरा मोकळं हसा, दडपण आल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, दडपणाचाच तर फोटो आहे ना? त्याला ते कळलं नाही.

तू लिहिलंस, "ताई, तू सांगितलंस आणि तुझ्या लोकांनी तुला एवढं सांभाळून घेतलं. मी मीटिंगच्या आधी जिन्यात बसून राहतो, छाती आवळते, हे अजून किती दिवस लपवू? टीम लीडच्या जागेसाठी नाव पुढे गेलंय. त्याआधीच साहेबांना सांगून मोकळा होऊ का?"

सांगते. पण आधी माझ्याकडे काय झालं ते ऐक, कारण ते मी तुला धड कधी सांगितलंच नाही.

माझं काम तुला माहीत आहे. तू पाहुण्यांना "ताई खेळणी मोडायचा पगार घेते" असं सांगतोस, ते खरंच आहे. बाजारात जाण्याआधी खेळणी आमच्या लॅबमध्ये येतात. अस्वलाचा डोळा मशीनच्या चिमट्यात धरायचा, ठरलेल्या जोराने ओढायचा आणि थोडा वेळ तसाच ताणून ठेवायचा. उपटून आला तर नापास, कारण उद्या तो एखाद्या बाळाच्या घशात अडकेल. राहिला तर पास. मग मी सही करायची. या कामात एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. एक डोळा एकदाच ओढायचा. दुसऱ्यांदा ओढला तर शिवण आधीच ताणलेली असते, मग जो दोष निघतो तो अस्वलाचा नसतो, ओढणाऱ्याचा असतो.

मी किती वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं, हे तिथल्या कोणालाही विचार. अवघड नमुने माझ्याकडे, भांडखोर कारखानदार माझ्याकडे. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, सगळ्यांसमोर म्हणायच्या, "हिने बघितलं म्हणजे देवाने बघितलं." त्या निवृत्त झाल्या की खुर्ची माझी, हे सगळे धरूनच चालले होते. मीही. आणि बाई माझ्या ज्या स्वभावाचं कौतुक करत होत्या तोच स्वभाव मला आतून पोखरत होता, हे त्यांना कुठून कळणार? रिपोर्टवर सही केली की मनात यायचं, मी खरंच बघितलं का? की बघितल्यासारखं वाटलं? मग नमुना परत काढायचा. परत बघायचं. पुढे पुढे सही करायला हात उचलेना. रिपोर्ट साठू लागले. तेव्हा बाई म्हणाल्या, "तुझं काम उत्तम असतं गं, पण तुझ्या टेबलावरून काही हलतच नाही."

आणि मग ते तपकिरी अस्वल आलं. डोळा ओढला, घट्ट राहिला. पास. सही करताना शंका आली. जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी झाली, तेव्हा मी परत ओढला. राहिला. पुन्हा ओढला. किती वेळा, ते मला आठवत नाही, खरंच नाही. शेवटी डोळा चिमट्यात आला आणि तुला सांगते, मला बरं वाटलं. बघ, मी म्हणत नव्हते? मी 'नापास' लिहिलं आणि ठसठशीत सही ठोकली. त्या कारखान्याचा सगळा माल अडकला. कारखानदार येऊन बसला, रडकुंडीला आलेला. "बाई, आम्ही दुहेरी शिवण घालतो, असं होणारच नाही." आणि मला माहीत होतं की तो खरं बोलतोय.

त्याच दुपारी मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. डोळ्याचं, सहीचं, घरच्या कुलपाचं, डॉक्टरांच्या गोळ्यांचं. बाईंनी हातातलं काम ठेवलं, माझा हात हातात घेतला. त्यांचेही डोळे भरले. हे मी कमी करून सांगणार नाही, त्या खरंच हलल्या होत्या. दुसऱ्या नमुन्यावर तपासणी झाली, माल सुटला. माझ्यावर कोणी ओरडलं नाही. मला वाटलं, सुटले.

मग एचआरवाली आली. गोड मुलगी आहे. म्हणाली, तुमच्या भल्यासाठी सध्या सहीची जबाबदारी तुमच्यावर नको. मलाही पटलं. काही आठवडे पटलंच पाहिजे असं होतं ते. त्यांनी मला नमुना नोंदणीला बसवलं. आलेली खोकी उघडायची, खेळण्यांवर नंबर चिकटवायचे, आत पाठवायची. डॉक्टरांनी दोनदा लिहून दिलं की ही आता काम करू शकते, उलट हिला तिच्या कामावर परत घ्या, दूर ठेवलंत तर भीती वाढेल. दोन्ही वेळा उत्तर एकच, "घाई कशाला? तुम्ही आमच्यासाठी महत्त्वाच्या आहात." बाई निवृत्त झाल्या. खुर्ची आमच्या लॅबमधल्या लंबूला मिळाली. मशीन चालू कसं करायचं ते त्याला मीच शिकवलं होतं. तो वाईट नाही रे, मला रोज चहा आणून देतो आणि देताना खोक्यांकडे बघतो.

तेव्हा ठोंब्या, पोस्टरवरची बाई खेळण्यांना नंबर चिकटवते. आईला हे माहीत नाही. तिला वाटतं मला बढती मिळाली म्हणून फोटो लागला. मी तिला तसं सांगितलं नाही, पण ती म्हणाली तेव्हा नाही असंही म्हटलं नाही.

मला राग येतो का? येतो. सकाळी कोट घालताना येतो. पण कोणावर काढू? सगळे इतके चांगले वागतात की भांडायला तोंडच उरत नाही. कोणी एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कॅन्टीनमध्ये मी बसले की बोलण्याचा आवाज आपोआप खाली येतो, जसा आजाऱ्याच्या खोलीत येतो तसा. एखादा रिपोर्ट चुकीचा दिसला आणि मी बोलले, तर एकमेकांकडे बघतात. हिला शंका येणारच, हिचा आजारच तो. मागच्या महिन्यात एका खुळखुळ्याला खरोखर चीर होती. मी दाखवली. लंबू म्हणाला, "ताई, तुम्ही ताण घेऊ नका." चीर नंतर दुसऱ्या कोणीतरी पकडली.

इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, गॅस बंद केला, एकदाच बघितला. एवढं तरी मला जमतंय. पुढचं लिहायचं नव्हतं.

आमच्याकडे एक गुणगुणी होती. हे तिचं नाव नव्हे, काम करताना सारखी नाकातल्या नाकात गाणी म्हणायची म्हणून आम्ही ठेवलेलं. खेळण्यांचा रंग तपासायची, माझ्या समोरच्याच टेबलावर. पोस्टर लागल्यावर एकदा हात धुताना ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आरशातल्या माझ्याकडे, मग भिंतीवरच्या माझ्याकडे बघत म्हणाली, "मला सकाळी उठवतच नाही गं. बसमध्ये उगाच रडू येतं. सांगितलं तर खरंच काही होत नाही ना?"

मी म्हटलं, "काही होत नाही. उलट हलकं वाटतं."

तिला माझं नंबर चिकटवणं दिसत होतं, पण तिला वाटत होतं मीच ते मागून घेतलंय, आरामासाठी. मी तिला तसं वाटू दिलं. तिने सांगितलं. तिलाही कोणी काही बोललं नाही. आधी आराम करा म्हणाले, मग तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा ते वाढवलं नाही. कारण म्हणून भलतंच काहीतरी सांगितलं. जायच्या दिवशी तिने टेबल पुसलं, माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तू म्हणाली होतीस." आवाज चढवून नाही. नुसतं आठवण केल्यासारखं. आता समोर दुसरी मुलगी बसते, कानात काहीतरी घालून. लॅब शांत असते.

मी तिला खोटं का सांगितलं, याचा मी खूप विचार केला. भिडेपोटी? पोस्टरची लाज राखायला? तसं असतं तर बरं वाटलं असतं. खरं असं आहे की मला त्या खोक्यांपाशी एकटीने बसायचं नव्हतं. अजून कोणीतरी हवं होतं. माझ्यासारखं, माझ्या शेजारी. तिने सांगितलं असतं, तिलाही तिथेच बसवलं असतं, आणि ती गुणगुणली असती.

आता तुझ्या मेसेजचं. तो वाचला तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, ते तुला सांगितलं नाही तर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही. मला आनंद झाला. माझा धाकटा भाऊ जिन्यात बसून श्वास शोधतोय हे वाचून माझ्या मनात आलं, चला, आता घरातलंच कोणीतरी आलं. मी 'सांगून टाक, काही होत नाही' असं टाइपसुद्धा केलं होतं. ते पाठवण्याआधीच तुझा फोन आला, आणि वाजणाऱ्या फोनवर तुझं नाव बघून मी इतकी घाबरले की तो उचलू शकले नाही. नंतर ते सगळं पुसलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची असं आई म्हणते, तेव्हा मी तिच्याशी भांडायचे. आजही मला ते पटत नाही. माणसाला छातीवर दगड ठेवून कामावर जावं लागू नये. कदाचित तुझे साहेब वेगळे असतील, कदाचित तुझं ऑफिस खरंच चांगलं असेल, मला काय माहीत? पण चांगली माणसं माझ्याकडेही होती. डॉक्टरांकडे जा, या आठवड्यातच जा. बायकोला सांग, तिला जिन्याचं माहीत नाही हे मला तुझ्या लिहिण्यावरून कळलं. आईला सांगायचं तर मी शेजारी बसेन. तुला वाटेल तेव्हा मला सांग.

साहेबांना सांगू नकोस. निदान सोमवारी नको, निदान ती जागा हातात येईपर्यंत नको, आणि माझा फोटो बघून तर कधीच नको.

हे लिहिणारी बहीण तुला असावी याचं मला फार वाईट वाटतं आहे, पण दुसरी नाहीये.

तुझी,
ताई