कॅप्टनपद वारशाने देऊ नये

मी, होर्तेन्सिया किलोद्रान, वय चोपन्न, राहणार सेरो अल्तो टेकडी, चिली, येथल्या स्वयंसेवी अग्निशमन तुकडीची कॅप्टन, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. ‘कोणाच्याही दडपणाखाली नाही’ असं पुढे लिहायचा रिवाज आहे. ते मला लिहवत नाही. आगीच्या भोंग्याचं दडपण आहे. तो वाजायच्या आधीच छाती धडधडू लागते.

कलम पहिले. घर, अंगणातल्या लिंबाच्या झाडासकट, धाकटी बहीण एदेल्मिरा हिला. मी त्यात फारशी राहिलेच नाही, त्यामुळे ते सुस्थितीत आहे.

कलम दुसरे. आधीचे कॅप्टन एव्हारिस्तो यांची शिट्टी माझ्याकडे आहे, ती त्यांच्या पत्नीला परत द्यावी. त्यांनी कधी रजा घेतली नाही आणि आम्ही सगळे ‘पोलादी माणूस’ म्हणून त्याचं कौतुक करत राहिलो. एका सकाळी ते बंबात चढून बसले ते उतरेनातच. “कुठं जायचंय आपल्याला?” एवढंच विचारत राहिले. त्याच हिवाळ्यात गेले. त्यांना मूठमाती दिली त्याच दिवशी त्यांचं शिरस्त्राण माझ्या डोक्यावर आलं.

कलम तिसरे. आमच्या दलाचे अधीक्षक आरिस्तीदेस यांना माझी कचेरीतली खुर्ची. कॅप्टन आळीपाळीने नेमा, असं मी सुचवलं तेव्हा ते हसले होते. “थकवा? अहो बाई, तो रिकामटेकड्यांचा आजार!” त्यांनी आगींचा एक उन्हाळा त्या खुर्चीत काढून बघावा.

कलम चौथे. शिरस्त्राण आणि वायरलेस. गेल्या महिन्यात दरीत आग लागली. माझी माणसं पत्र्याच्या घरांमध्ये शिरली होती आणि वारा फिरला. वायरलेसवर त्यांच्यातला निबाल्दो ओरडत होता, “कॅप्टनबाई, पुढे जाऊ की मागे येऊ? बोला ना!” उत्तर मला माहीत होतं. मागे. तेवढा एक शब्द तोंडातून फुटेना. लेफ्टनंट क्लोरिंदा पाय्यानने माझ्या हातातून वायरलेस ओढून घेतला. “मागे फिरा! सगळे मागे!”

सगळे वाचले. हार माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून मला आगीची नाही, माझ्याच तोंडाची भीती वाटते.

म्हणून या दोन्ही वस्तू ‘माझ्या पश्चात क्लोरिंदास’ असं लिहिलं होतं. आज साक्षीला आली तेव्हा तिने ते वाचलं आणि कागद टेबलावर आपटला.

“तुम्ही मरायची वाट बघत बसू? तोवर आत कोण मरेल? आत्ता द्या.”

“आणि तुझंही असंच झालं तर?”

“तर माझ्याकडून काढून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात निबाल्दो, मग आणखी कोणी. शिरस्त्राण काय डोक्याला चिकटवून आणलंय?”

सबब कलम चौथे आजपासून, माझ्या हयातीतच, लागू. अट एवढीच, की दर उन्हाळ्याअखेर शिरस्त्राण उतरवावं आणि घालणाऱ्याला कोणी ‘पोलादी’ म्हणू नये.

इथपर्यंत लिहिलं आणि भोंगा वाजला. क्लोरिंदा सही न करताच शिरस्त्राण घेऊन धावली. मी उठणार, तोच शेजारी बसलेल्या एदेल्मिराने माझा दंड घट्ट धरला. मी बसले आहे. खिडकीतून धूर दिसतो. कोण कुठे आहे, मला ठाऊक नाही. सही वेडीवाकडी आली तरी ती माझीच समजावी.

होर्तेन्सिया किलोद्रान
सेरो अल्तो, १२ फेब्रुवारी २०१९

साक्षीदार:
रेमिहिओ बार्रिया, बेकरीवाले, शेजारी
क्लोरिंदा पाय्यान, कॅप्टन. आगीवरून परतल्यावर सही केली. सगळे आले.