घशाचं पाणी

३ फेब्रुवारी, जुन्नर
संकल्प: रविवारच्या आत रानातले सातही 'औषधी' झरे-विहिरी बघणार आणि आळेफाट्याच्या सभेत त्यांचं पितळ उघडं पाडणार. आवाज जरा बसलाय. डॉक्टर म्हणतात, महिनाभर बोलू नका. धूळ आहे, दुसरं काही नाही. बायको, मोहिनी, विचारते, मग सुरुवात घसा बरा करणाऱ्याच झऱ्यापासून का? योगायोग.

४ फेब्रुवारी, दुपार
आंबेगावचं रान. दीड तास पायवाट. दगडात बांधलेला झरा. शेजारीच गोजरबाईंचं खोपट. झऱ्याची राखण त्यांच्याकडे. मुक्यानं यायचं, ओंजळभर प्यायचं, मुक्यानं जायचं. "पाण्यापुढं बोलू नका राव. ठिवून घेतं ते."
मी तिथेच रविवारचं अख्खं भाषण केलं. गोजरबाई उठून गेल्या. प्रतिध्वनी आला नाही. दगडाला यायला हवा होता. ओलावा असेल. एक ओंजळ प्यायलो. नमुना म्हणून.

५ फेब्रुवारी
आवाज गेला. कुजबुजसुद्धा नाही. पाण्याचा संबंध नाही. उरलेले सहा झरे तूर्त स्थगित.

६ फेब्रुवारी
पाटीवर लिहिलं: आवाज रविवारपर्यंत नक्की येईल. मोहिनी म्हणाली, तीस वर्षांत आज पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं.

७ फेब्रुवारी, सकाळ
झऱ्यावर विसरलेल्या सभेच्या पत्रकावरचा नंबर बघून गोजरबाईंचा फोन. मोहिनीनं घेतला. झरा तीन दिवस बोलतोय म्हणे. "लई बोलतो. शेळ्या पाण्याला थांबत न्हाईत. पावण्यांना म्हणावं, तुमचं तुमी घेऊन जा."
जातोय. केवळ निरीक्षणासाठी.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
पाण्यातून माझाच आवाज येत होता. "मित्रहो." अंगावर काटा आला. गारठा होता. गोजरबाईंनी बजावलं, बोलणं सरेपर्यंत मुक्यानं ऐका, मग ओंजळ प्या, येईल माघारी. ऐकत बसलो; घसा मोकळा होत चालला, धूळ बसली असेल. भाषण उत्तम. पण तिसऱ्या मुद्द्यात मुंबईत प्लेग आला ते साल अठराशे नव्व्याण्णव. चूक. राहवलं नाही.
"शहाण्णव," मी म्हणालो. खणखणीत.
पाणी गप्प झालं. मग माझाही आवाज पुन्हा गेला. गोजरबाईंनी कपाळावर हात मारला.

८ फेब्रुवारी, आळेफाटा
गर्दी चांगली. माझं भाषण मोहिनीनं कागदावरून वाचलं. टाळ्या मला पडतात त्याहून जास्त. तिसरा मुद्दा आला. नव्व्याण्णव. कागदावर दुरुस्त करायचं राहिलं, माझीच चूक.
व्यासपीठावर उभा राहिलो. 'शहाण्णव' म्हणायला तोंड उघडलं.
लोक अजून वाट बघत होते. खाली बसलो.