मुंगीचा उष्टा घास

४ फेब्रुवारी
ताप उतरला, पण मानेतल्या गाठी तशाच! गिळताना दुखतं. हे म्हणतात, "पाळणाघरातल्या पोरांचा प्रसाद आहे तो." एरवी मीही हसले असते. पण लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिवस गेलेत. साधी शिंक आली तरी हात पोटावर जातो. उद्या डॉक्टरीणबाईंकडे.

५ फेब्रुवारी
रक्त दिलं. त्याआधी प्रश्नांची सरबत्ती. काम काय? पाळणाघरात, एक ते तीन वर्षांची मुलं. लंगोट बदलता? दिवसभर तेच. भरवता? हो. त्यांचं उष्टं खाता?
चक्क लाजले मी. खाते की! वाटीत उरलेला भात, अर्धं केळं, चोखून मऊ केलेलं बिस्किट. टाकवत नाही, हे एक. आणि खरं सांगायचं तर आवडतं मला. आईच्या घरी उष्ट्याचं नाव काढायची सोय नव्हती. बहिणीच्या पेल्याला तोंड लावलं तर पेला घासायला जायचा आणि मी कोपऱ्यात. म्हणून पाळणाघरात मुंगीनं पहिल्यांदा आपल्या तोंडातलं काढून माझ्या तोंडात कोंबलं, तेव्हा मला कोण आनंद झाला होता!
मुंगी म्हणजे आमची दीड वर्षांची बया. सारखी काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते, म्हणून मुंगी. रोज तिचा एक घास माझा. घेतला नाही तर जेवत नाही.

९ फेब्रुवारी
रक्तात सापडलं. सीएमव्ही म्हणे. नाव ऐकून वाटलं, एखाद्या बँकेचं असावं.
डॉक्टरीणबाई शांतपणे समजावत होत्या. "घाबरू नका. हा अगदी घरोघरी असणारा विषाणू आहे. बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, साध्या सर्दीसारखा, पत्ताही लागत नाही. मग जन्मभर अंगात झोपून राहतो." लहान मुलांच्या लाळेत, लघवीत तो महिनोन्‌महिने असतो आणि मूल मात्र खेळतं-बागडतं. प्रश्न मुख्यतः गरोदर बाईचा. तिला तो याआधी होऊन गेला असेल तर बाळाला धोका कमी. पहिल्यांदाच झाला, आणि तोही सुरुवातीच्या महिन्यांत, तर मात्र... त्या थांबल्या.
मी म्हटलं, सांगा. "बाळाला ऐकू न येणं. कधी त्याहूनही जास्त."
म्हणून आणखी एक तपासणी. माझ्या रक्तातला हा पाहुणा जुना की नवा, ते त्यातून कळेल. येताना रस्ताभर एकच घोकत होते. जुना निघू दे. जुना निघू दे.

१० फेब्रुवारी
"काही होत नाही गं!" इति हे. यांचं हे एक वाक्य सगळ्या आजारांवर चालतं. यांची बस बंद पडली तरी प्रवाशांना हेच सांगत असतील. ड्रायव्हरनं असं बोलावं, पण बायकोशी? मी भांडले. मग रडले. मग यांनी चहा केला, साखर विसरले.

१३ फेब्रुवारी
पाळणाघरातल्या ताईला सांगितलं. ताई माझ्याआधीपासून तिथे आहे, चार बाळंतपणं तिथे काम करत काढली तिनं. ती म्हणाली, "मग मला कसं काही झालं नाही? मी काय कमी उष्टं खाल्लंय?" उत्तर मला आता ठाऊक आहे. ती सात भावंडांत वाढली. एका ताटात चौघं. तिला तो केव्हाच होऊन गेला असणार.

१६ फेब्रुवारी
नवा.

१७ फेब्रुवारी
काल पुढे लिहवलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा तिघींपैकी साधारण एकीच्या बाळापर्यंत तो पोचतो. पोचला तरी बहुतेक बाळं ठणठणीत निघतात. मला फक्त "पोचतो" एवढंच ऐकू आलं.
मालकीणबाईंना कळलंच, ताईच्या पोटात काही राहत नाही. म्हणाल्या, "हे बाहेर बोलू नका हं. आया मुलं काढून नेतील." मी म्हटलं, त्या आयांपैकी कुणाला दिवस गेले असतील तर? ज्या घरात लहान मूल, त्या घरातल्या गरोदर बाईला धोका जास्त, माझ्यासारखाच. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. शेवटी दारावर कागद लागला: लंगोट बदलल्यावर साबणानं हात, चमचा ज्याचा त्याचा, पापा घ्यायचा तर डोक्यावर. कारण लिहिलं नाही. पण लागला!

२० फेब्रुवारी
आई आली. मी सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, "बघ, मी सांगत नव्हते?" म्हणालीच. मी चिडून बोलून गेले, "तू इतकं जपलं नसतंस तर मला लहानपणीच होऊन गेला असता!" 
आई उठली. ओट्याशी जाऊन धुतलेलीच भांडी परत धूत बसली. खूप वेळ. मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "मला काय माहीत गं," एवढंच म्हणाली. तिला काय माहीत? मला तरी कुठे होतं? राग कुणावर काढायचा, तेच कळत नाही.

२४ फेब्रुवारी
पाळणाघर सोडलं नाही. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं. मोठ्या मुलांच्या खोलीत बदली मागून घेतली.
आज मुंगी शोधत आली. हातात बिस्किटाचा चोखलेला तुकडा. टाचा उंचावून माझ्या तोंडापर्यंत नेला. मी तोंड मिटलं. तिला वाटलं खेळ आहे, हसली. पुन्हा. मी मान वळवली. मग ती हसली नाही. तुकडा तसाच धरून उभी राहिली. ताईनं उचलून नेलं तिला.
अपराध्यासारखं वाटलं. आणि खरं लिहायचं तर क्षणभर तिचा रागही आला. दीड वर्षांच्या पोरीचा राग! लाज वाटली.

११ मे
सोनोग्राफी. डोकं, पोट, सगळं नीट दिसतंय. "कान?" मी विचारलं. "कान दिसतात, ऐकणं दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

३० जून
आता बाळ लाथा मारतं. परवा ताईच्या हातून परात पडली, केवढा आवाज! त्याच क्षणी आत उसळी. मी आनंदानं वेडी. यांना सांगितलं तर म्हणाले, "तू दचकलीस म्हणून ते दचकलं." असं का बोलावं माणसानं?

१७ सप्टेंबर
मुलगी झाली. काळंभोर जावळ. रडते ती अशी की शेजारच्या खोलीतली बाळं उठतात.

१९ सप्टेंबर
बाळाची लाळ आणि लघवी तपासली. पोचलाय तिच्यापर्यंत.
पण कानांची तपासणीही झाली. झोपलेली असताना कानात बोंडं घालून. दोन्ही कान उत्तम! मी त्या तपासणाऱ्या मुलीचे हातच धरले. बाकीही सगळं नीट म्हणे. फक्त एक: या विषाणूत ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं, म्हणून काही महिन्यांनी परत यायचं. मग पुन्हा. पुन्हा. शाळेत जाईपर्यंत.
हे म्हणाले, "बघ, म्हटलं होतं ना? काही होत नाही."

८ डिसेंबर
दिवसातून किती वेळा टाळ्या वाजवते मी! चमचा पाडते. खुळखुळा लपवून वाजवते. ती बघते, हसते. समाधान तासभर टिकतं. हे ओरडले, "पोरीला सर्कशीत घालायचीय का? जगू दे तिला." मी म्हटलं, तुम्हाला काळजीच नाही. ते बाळाला घेऊन गॅलरीत गेले. काहीतरी पुटपुटत होते तिच्याशी. बसच्या गप्पा असणार.

२ फेब्रुवारी
आठवडाभर टाळ्या बंद ठेवल्या. जमतंय. पोरगी पालथी पडते, स्वतःचे पाय धरून ओढते. आई तिच्या तोंडातलं खेळणं काढते, पुसते, परत देते. आईला आता कुणी काही म्हणत नाही.

२१ मार्च
दुसरी तपासणी. उजवा कान चांगला. डाव्या कानानं काहीही ऐकू येत नाही. 
मी कोसळले. यांच्याकडे पाहिलं, तर ते दचकलेसुद्धा नाहीत. बाळाला डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला जानेवारीतच कळलं होतं गं. डावा कान वर करून झोपली की दार आपटलं तरी उठायची नाही. तेव्हापासून मी तिच्याशी उजव्याच बाजूनं बोलतोय. तुला कसं सांगू, ते कळत नव्हतं."