शेवटच्या ओळीआधीचा टक्

४ फेब्रुवारी

चि. ठेंगूस,
अ. उ. आ. (केसांचा कापूस झाला तरी माझ्या लेखी तू ठेंगूच.)

बातमी अशी की मी केबल आणली. बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी जाड, वरून निळी जाळी. तू हसणार, हस. पण आधी कारण ऐक.

शाळेच्या संमेलनातली ती टेप तुला आठवतेच, तूच केलेली. तुझी वहिनी, तेव्हा नुसत्या ‘गणिताच्या बाई’, होडीची कविता म्हणते आहे. शेवटच्या ओळीआधी ‘टक्’ असा एक आवाज येतो. मग बाई क्षणभर थांबतात आणि होडी अलगद किनाऱ्याला लावतात. तो थांबा म्हणजे काय सांगू! निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक वर्गाला तो शिकवला. इथे श्वास रोखा, म्हणायचो, कवितेला जरा पाण्यावर तरंगू द्या. पण तो टक् मात्र दाताखाली खडा आल्यासारखा. दुकानदार म्हणाला, अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची तुमची वायर हलकी आहे, सगळा दोष तिचाच.

रविवारी सगळं सामान पुढे ओढलं, जळमटं झटकली, तू स्पीकरसाठी विणलेली लोकरीची झबली धुवून गॅलरीत वाळत टाकली आणि नवी केबल जोडली. टक् गेला नाही. पण त्याच्या पाठोपाठ, ठेंगू, वहिनी हसली! अगदी बारीक, ओठांतल्या ओठांत. इतकी वर्षं ती त्या टेपमध्ये हसत होती आणि मला पत्ताच नाही. ती गेल्यापासून हा आवाज घरात नव्हता गं. केबलला हात जोडावेसे वाटले.

लोभ आहेच, तो केबलसारखा जाड होत जावा.
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अरे, मी उभी हयात ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काढली. तुझ्या बैठकीतल्या चार हात वायरीचं काम आवाज इकडून तिकडे नेण्याचं. जोड घट्ट हवा, वायर अगदीच सुतासारखी नको, संपला विषय. ती कुणाला हसवत नाही. घरात नवी वस्तू आली की कान लाडावतात, एवढंच. आणि वहिनी हसली असती तर मला ऐकू आलं नसतं? हेडफोन माझ्याच कानांवर होते.

पैज लाव. शेजारचे दातांचे डॉक्टर हल्ली रिकामेच असतात ना? त्यांना स्पीकरमागे बसव. नाणं उडवून त्यांनी कधी जुनी वायर जोडायची, कधी नवी. तू भिंतीकडे तोंड करून ओळखायचं. आवाजाच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. ओळखलंस तर यापुढे मी सही ‘लंबूताई’ अशी करीन.

गुडघ्याला तेल लावतोस की नुसतीच बाटली कपाटात? माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठेंगू

२० फेब्रुवारी

चि. ठेंगूस,
अ. आ.

तू जिंकलीस. डॉक्टर येणार म्हणून खोली लख्ख केली, स्पीकरना धुतलेली झबली चढवली. शाळेला निघालेल्या जुळ्यांसारखे दिसत होते. डॉक्टर हातमोजे घालून आले, अक्कलदाढ काढायची असल्यासारखे गंभीर. वायर बदलली की सवयीने, आता कळ येते का, असं विचारायचे. मी जुनीला नवी म्हटलं, नवीला जुनी म्हटलं. त्या नाण्याने माझ्यापेक्षा बरं ओळखलं असतं.

ते जाऊ दे. पण ते हसणं कुठल्याच वायरीतून आलं नाही गं. नुसता टक्, थांबा आणि ओळ. म्हणजे केबलचं कौतुक खोटं, तसं हसूही मीच रचलेलं? कवितेचं वेड लागलेल्या माणसाचं हे असंच, हवं ते ऐकत बसतो. तेव्हापासून टेप लावलेली नाही. लावायची भीती वाटते.

हरलेल्या भावावरही जीव असू दे.
दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकून तोंड कडू झालं. तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या दिवशी झबली कुठे होती? गॅलरीत. पैजेच्या दिवशी? स्पीकरच्या अंगात! धूळ शिरू नये म्हणून मीच विणलेली, तीही दुहेरी विणीची. मायक्रोफोनवर कुणी रुमाल टाकला तरी मी खोली डोक्यावर घ्यायचे, आणि सख्ख्या भावाच्या स्पीकरना लोकर घालून बसले. बारीक आवाज लोकर आधी गिळते, दादा. वायरीबद्दल मी म्हणते तेच खरं, पण तुझे कान बहुतेक खोटं बोलले नाहीत.

झबली काढ, वाटेल ती वायर लाव आणि ऐक. एकटा ऐकू नकोस, डॉक्टरांना साक्षीला बसव. उत्तर लगेच टाक, मला चैन नाही.

रागावला असलास तरी लोभातला माझा वाटा काढून ठेव.
तुझी ठेंगू

३ मार्च

चि. ठेंगूस,
अ. उ. आ.

हसली! जुन्या वायरीतून हसली, नव्या केबलमधून अगदी तितकीच हसली. डॉक्टरांनीही ऐकलं. पुन्हा लावायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, दात सुरेख असले पाहिजेत.

आता एकच मागणं. झबली काढल्यापासून तो टक्‌ही चांगलाच ठळक झालाय. तुझ्या हाताखाली शिकलेली मंडळी अजून त्या खोलीत आहेत. टेप पाठवतो, तेवढा टक् पुसून मिळेल का? मग कविता कशी निवळशंख होईल. आणि वहिनी हसली तरी कशाला? तुला काही आठवतं का?

आज लोभ उतू जातोय, भांडं मोठं घे.
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टेप पाठवशील तर खबरदार! तो टक् म्हणजे तू आहेस.

पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसला होतास. कविता तुला तोंडपाठ, पण बाईंकडे बघताना असा हरवलास की एक ओळ शिल्लक असतानाच टाळी ठोकलीस. एकच टाळी, अख्ख्या सभागृहात. मुख्याध्यापकांनी मान वळवली. हे कोण गाढव म्हणून मी हेडफोन काढून पाहिलं, तर माझाच भाऊ! तेवढ्यात ते हसू माझ्या कानांतून निसटलं असणार. तुला आठवत नाही, कारण टाळी वाजवलीस हे तुला तेव्हाही कळलं नव्हतं.

बाई हसू गिळत होत्या, दादा. तोच तुझा तो थांबा! किती वर्गांना शिकवलास रे?

आता हसून हसून माझ्याच्याने लिहवत नाही. लोभाचं तू समजून घे.
तुझी ठेंगू

१५ मार्च

चि. ठेंगूस,
अ. उ. आ.

माझ्या सांगण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिथे थांबली, कुणीकुणी बक्षिसंही आणली. आता त्यांना काय सांगू? नाहीच सांगत.

निळ्या केबलने डॉक्टरांनी टोमॅटोचे वेल बांधले. एक झबलं त्यांच्या चहाच्या किटलीला घातलंय, दुसरं माझ्या. चहा आता वाफाळता मिळतो, तुझी वीण वाया गेली नाही.

काल संध्याकाळी टेप लावली. होडी किनाऱ्याजवळ आली आणि माझे हात आपोआप उठले. एक ओळ आधी, बरोब्बर त्याच जागी, मी टाळी वाजवली. आणि ती हसली.

लोभ आहे तिथेच राहू दे, पुसू नकोस.
तुझाच,
टक्