गुलशन बँडचा दुसरा ट्रम्पेट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. पहाटे ५

आजपासून रोज एक चाल. गुलशन ब्रास बँडच्या स्वतःच्या बावीस चाली होत्या. बावीस दिवसांत बावीस व्हिडिओ. जानेफळात आज कुणाला गुलशन आठवत नाही, ही या गावाची लायकी. मी सोळाव्या वर्षापासून चार लग्नसराया गुलशनमध्ये होतो. दुसरी रांग, दुसरा ट्रम्पेट.

१४ डिसेंबरला गुलशनच्या शकूर मास्तरांच्या नातवाची, मतीनची वरात. त्या दिवशी गुलशन शेवटचा वाजणार. जुनीच माणसं, लाल कोट. पहिला ट्रम्पेट कोण, ते मास्तर ठरवणार. मास्तर मोबाइल बघतात. मी दिसलो पाहिजे.

४ नोव्हेंबर

कालचा व्हिडिओ राहिला. बॅटरी. आज केला. एक नंबरची चाल, नवरदेव घोड्यावर चढतानाची. आवाज निघाला. चाल नंतर येईल.

बायको, रुख्मिणी, म्हणते, या आवाजानं शेळीनं दूध चोरलं. शेळीचं आणि हिचं आधीपासून एकमत आहे.

६ नोव्हेंबर

समोरच्या कचरूनं ग्रामपंचायतीत माझी तक्रार केली. गावाचे नळ मी सोडतो, हे तो विसरला. आज त्याच्या गल्लीला पाणी पंधरा मिनिटं उशिरा. मुद्दाम नाही. मनात तसं आलं आणि हातानं ऐकलं.

९ नोव्हेंबर, रविवार

विहारात वंदना, मग मैत्री भावना. सर्व प्राणिमात्र सुखी होवोत. देवानंद सोडून.

देवानंद म्हणजे गुलशनचा पहिला ट्रम्पेट. माझ्या व्हिडिओखाली त्यानं लिहिलं, ‘बोळा काढला काय बे?’ उडवलं.

१२ नोव्हेंबर

बोळ्याचं लिहून ठेवतो. ही वही कुणी वाचत नाही. मास्तर लग्नाला अकरा माणसांचा बँड कबूल करायचे. वाजवणारे सात. उरलेल्या चौघांना कोट, टोपी आणि बाजा. चुकून आवाज निघू नये म्हणून बाजात फडक्याचा बोळा. गाल फुगवायचे, बोटं हलवायची, चालायचं. मी त्या चौघांत होतो. बाकीचे तिघे दर लग्नाला बदलायचे, कायमचा मी एकटाच.

पण चाली पाठ झाल्या त्या मलाच. मास्तर मला राखून ठेवत होते, असं माझं मत आहे. तीस वर्षं जरा जास्त झाली, एवढंच.

१७ नोव्हेंबर

चार दिवस सर्दी. बावीसची अट मीच घातली होती, मीच बदलतो. अकरा. पण दर्जेदार.

बातमी: देवानंदचे वरचे पुढचे दोन दात काढले. ट्रम्पेटला पुढचे दात लागतात. आनंद झाला. मग वाईट वाटावं म्हणून डोळे मिटून पाच मिनिटं बसलो. नाही वाटलं.

२१ नोव्हेंबर. सकाळी

आज आवाज मऊ आला, गोल आला. कचरूसुद्धा खिडकी आपटायला आला नाही. फुंक पोटातून यायला पाहिजे, असं मास्तर म्हणायचे. आली. व्हिडिओ लगेच टाकला.

संध्याकाळी

ट्रम्पेटच्या तोंडात रुख्मिणीच्या जुन्या ब्लाउजचा बोळा सापडला. जाब विचारला. ती म्हणाली, आज तरी शेळी पान्हावली. तिच्याशी बोलणं बंद.

व्हिडिओ तसाच ठेवलाय. आतापर्यंतचा तोच सगळ्यात चांगला आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

नऊ व्हिडिओ झाले. त्यातले सात एकाच चालीचे. बाकीच्या चाली बोटांत आहेत, ओठांत येत नाहीत. कमेंट करणारे सगळे टवाळ. पण माझ्या प्रत्येक व्हिडिओला रोज पहाटे एक व्ह्यू येतो. पहाटे जागं असणारं या गावात आहे कोण? मास्तर. नमाज झाली की मला ऐकतात. पहिला ट्रम्पेट माझाच.

७ डिसेंबर, रविवार

मास्तरांनी सगळ्यांना घरी बोलावलं. आम्ही अकराजण. देवानंद तोंडावर रुमाल धरून. ट्रम्पेट घेऊन गेलेला मी एकटाच.

मास्तरांनी सांगितलं की आता कुणाला दम नाही. क्लॅरिनेटवाल्याला दमा, देवानंदला दात नाहीत. म्हणून वरातीत गुलशनची जुनी कॅसेट गाडीवरच्या भोंग्यातून वाजेल. अकराही बाज्यांत बोळे.

मी उभा राहिलो. म्हणालो, एका माणसाच्या छातीत दम आहे, त्याला वाजवू द्या.

मास्तर म्हणाले, “मालूम हाय बाप्पा. रोज पहाटी तुलेच लावतो. मतीन दुसऱ्या कशानं उठतच नाही.”

कोणी हसलं नाही. त्याचा जास्त राग आला. मग मास्तर बाकीच्यांकडे वळले. “तुम्हाले बिना फुकता उभं राहाता येते काय? बाजा हाती आला का फुकसान. हे काम एकट्या सहदेवले येते. तोच शिकवीन.”

घरी आलो. चॅनल बंद केलं. वंदना घेतली नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

तालीम. जाणार नव्हतो. पाणी सोडून झाल्यावर गेलो.

दहाजण रांगेत, हातात बोळ्याचे बाजे. दहाही जणांचे गाल चुकीचे. कॅसेट लावली तर बोटं भलतीकडेच. ज्यांनी मला चार लग्नसराया हसून काढल्या, त्यांना खोटं वाजवणंही जमत नाही.

देवानंद रांगेतून पुढे आला. रुमाल बाजूला केला. म्हणाला, “सहदेवभाऊ, पहिले श्वास घ्याचा का पहिले गाल फुगवाचे?”

चेष्टा आहे का म्हणून मी त्याचं तोंड नीट पाहिलं. चेष्टा नव्हती.

उत्तर मला लगेच आलं. तेच वाईट वाटलं.